अंगठ्याचं नख

मु. टेंभुर्णी
७ फेब्रुवारी १९७५

रामकिसनदादा,

नमस्कार लिवत न्हाई. मनातून येऊन न्हाई राह्यला, मंग कागदावर कशाला आणायचा?

तुम्ही माझे थोरले भाऊ, म्हून एकच विचारतो. माझी पोरगी कोणाला विचारून तुमच्या घरी ठेवून घेतली? "दोन दिवस मोठ्या काकूला भेटून येते," असं सांगून प्रभावती जालन्याच्या गाडीत बसली, ती आज येईल, उद्या येईल करून राह्यलो. काल शेजारचा कडूबा जालन्याच्या मोंढ्यातून माल घालून आला आन् पारावर चारचौघात म्हणतो, "तातेराव, तुमची प्रभा टायपिंगच्या क्लासला चालली होती. पायात चप्पल, हातात वही, लई झोकात!" सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी म्हणालो, मीच धाडली. तुमच्यापायी मला पारावर खोटं बोलावं लागलं.

जल्दी माघारी धाडा. मी जालन्याच्या बियाणं कंपनीच्या साहेबाला जबान देऊन बसलो हाय. येत्या मृगात विहिरीखालच्या दोन एकरात कपाशीच्या संकरित बियाचा प्लॉट घेणार. टेंभुर्णीत आजवर कोणी घेतला न्हाई. आन् घेतला तो प्रभाच्या भरोशावर.

तुम्ही जन्मभर खुर्ची झिजवली, तुम्हाला काय कळणार, म्हून सांगतो. कपाशीचं फूल सोताच सोताला फळवतं. संकर करायचा तर उद्या फुलणारी कळी आज दुपारून धरायची, अंगठ्याच्या नखानं बुडाला गोल चीर द्यायची आन् पाकळ्या, पिवळा केसर सगळं एका हिसक्यात टोपरं काढावं तसं काढून घ्यायचं. मधली काडी तेवढी उभी राह्यली पाह्यजे. तिच्यावर लाल कागदाची टोपी. सकाळी टोपी काढून त्या काडीला दुसऱ्या जातीच्या फुलाचा केसर लावायचा. नख जास्ती गेलं तर बोंड गळतं, कमी गेलं तर केसर राहतो आन् बी बाद. मागच्या साली प्रभा तिच्या मावशीकडं देऊळगाव राजाला हे काम शिकली. तिच्यासारखा हात त्या शिवारात न्हाई, असं खुद तिची मावशी म्हणती. तिनं त्याच्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख राखलं हाय.

ते नख माझ्या दोन एकराचं हाय. तुमच्या जालन्याचं न्हाई.

तातेराव


२ मार्च १९७५

रामकिसनदादा,

तुमचं पाकीट मिळालं. कार्डावर भागलं असतं, पण तुम्हाला उपदेशाला जागा जास्ती लागती.

तुम्ही लिवता, "यापुढचा जमाना टायपिंगचा आहे. कचेरी असो, बँक असो, कारखाना असो, ज्या मुलीच्या बोटांत टायपिंग तिला पोटाची चिंता नाही." वा! अगदी बराबर याच आवाजात आपले बाबा बोलायचे, याद हाय का? "रामकिसन, उर्दू शिक. ज्याच्या हातात उर्दू त्याच्या हातात सरकार." तुम्हाला जालन्याला मौलवीसाबच्या हाताखाली ठेवलं आन् मला औतामागं. घरचं तूप मौलवीसाबच्या घरी जायचं, मी भाकरीला मिरचीचा ठेचा लावून खायचो. शिकले तुम्ही, खोटं काऊन बोलू. तहसिलीत अहलकार, सरकारी कारकून झाले. तुमचं अक्षर बघून मोठे साहेब "क्या खत है!" म्हणायचे. तुम्ही गावात आले की माय मला घोंगडी आथरायला लावायची.

मंग? निजाम गेला. पुढं आपण मुंबई राज्यात गेलो आन् कचेरीतली उर्दूही गेली. मिसरूड न फुटलेला पुण्याकडचा कारकून तुमच्या मराठीवर लाल शाई फिरवायला लागला. त्या साली तुम्ही दिवाळीला आले आन् माळवदावर एकटेच बसून राहायचे. जेवायलाही उतरत नव्हते. तेव्हा मी हसलो न्हाई. आज हसून राह्यलो.

पुढचा जमाना कोणाला दिसला हो? उद्या माणूस नुसता बोलंल आन् मशीन आपोआप लिवून काढंल, असं काही निघालं तर? मंग कुठं जातील तुमची टायपिंगची बोटं? कपाशीचं तसं न्हाई. पुढच्या जमान्यात माणसं नागडी फिरणार हायेत का?

आन् त्या टायपिंगवाल्या मास्तरानं नखं कापायला सांगितली, असं तुम्ही खुशाल लिवता. नखानं बटणावरून बोट घसरतं म्हणे. खबरदार! पोरीचं अंगठ्याचं नख कापलं तर त्या मास्तराचं मशीन उचलून विहिरीत टाकीन. मागं तुम्हालाही.

तातेराव

ता.क. मला तुमच्यासारखं शुद्ध येत न्हाई. चौथीत औताला जुंपला, त्याला जसं बोलतो तसं लिवता येतं, हेच नशीब समजा.


९ जून १९७५

रामकिसनदादा,

वाईट खबर हाय. प्रभाची माय विहिरीच्या पायरीवरून घसरली. पाय सुजून केळीच्या खांबासारखा झाला. उठता येत न्हाई, बसता येत न्हाई. सारखी "प्रभा, प्रभा" करून राह्यली. मला तर धीर धरवत न्हाई.

प्रभाला सांगा, टायपिंगची परीक्षा काय दर साली असती, माय एकच असती. मृग निघाला हाय, बी टोचायचं हाय, ते राहू द्या. पोरगी उद्याच्या गाडीनं आली पाह्यजे.

तातेराव


२० जून १९७५

रामकिसनदादा,

कडूबानं सांगितलं म्हून काय झालं? व्हय, द्वारका त्याला बाजारात दिसली. डोक्यावर पाटी घेऊन दिसली. पाय बरा झाला. गल्लीतल्या तुळजाबाईनं चोळून दिला, तिच्या हाताला गुण हाय. देवाची कृपा म्हणायची सोडून तुम्ही मला "तातेराव, लाज वाटू दे" लिवता? 

आन् प्रभानं कडूबाच्या हाती मायसाठी मलमाची बाटली धाडली. चिठ्ठीत काय लिवलं माहीत हाय? "आबा, हे मलम खोटं बोलणाऱ्याच्या जिभेला लावू नका, लई झोंबतं." ही तुमच्या घरची शिकवण! द्वारका ती चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेऊन हसली. मायलेकीचं काय शिजून राह्यलं, मला बिलकुल कळत न्हाई.

परीक्षा दिली म्हणे. द्या. कपाशी उगवून वर आली. जिथं उगवलं न्हाई तिथं नांग्या भरल्या. एका अंगाला आईच्या ओळी, दुसऱ्या अंगाला केसरवाल्या बापाच्या. कळ्या लागायच्या आत पोरगी आली न्हाई तर मी सोता येऊन तुमच्या दारात बसतो. जालना बघंल तमाशा.

तातेराव


१७ ऑगस्ट १९७५

रामकिसनदादा,

पास झाली, अभिनंदन करा, पेढे वाटा, असं लिवता. टेंभुर्णीत पेढे मिळत न्हाईत. नोकरी लागली म्हणता, "एका चांगल्या कंपनीत, टायपिंगसाठी," पण कोणत्या कंपनीत ते काऊन लिवलं न्हाई? लपवता. मी तिथं येऊन तिचा हात धरीन म्हून भेता. भ्या.

मी मागच्या आठवड्यात तुमच्या दारात येऊन बसलो न्हाई, त्याला कारण कळ्या लागल्या. न्हाईतर तुम्हाला वाटंल तातेराव ढिला पडला.

माझं तुमच्यावाचून आन् तुमच्या मिस टायपिस्टवाचून अडलं न्हाई. तुळजाबाईची टोळी लावली. कंपनीचा माणूस येऊन एक दिवस शिकवून गेला. बायांचा हात बसला. दुपारून सगळ्या रानात लाल टोप्या दिसत्यात, येणारी-जाणारी माणसं बांधावर थांबून विचारत्यात. परवा गावच्या सोसायटीचे चेअरमन आले, म्हणाले, "तातेराव, पुढच्या साली आमचंही नाव कंपनीत सांगा." ऐकलं का? चेअरमन! तुम्हाला त्यांनी कधी चहा पाजला न्हाई.

आता महालक्ष्म्या येतील. प्रभाला सणाला धाडा. मी तिला काही बोलणार न्हाई. मायच्या हातचं पुरण खाऊन जावं, एवढंच. माझ्या मनात दुसरं काही न्हाई.

तातेराव


२१ सप्टेंबर १९७५

रामकिसनदादा,

महालक्ष्म्या झाल्या. तुमची पुतणी आली न्हाई. "कामाचा हंगाम आहे, रजा नाही," म्हणे. टायपिंगला कसला आला हंगाम? बटणांना काय बोंडं लागत्यात? द्वारकानं महालक्ष्म्यांसमोर तिच्या वाटचं ताट वाढून ठेवलं. मी म्हणालो, दे गाईला. तिनं दिलं न्हाई, सोता खाल्लं आन् खाताना माझ्याकडं बघत होती.

प्लॉट एक नंबर हाय. तुम्ही विचारलं म्हून सांगतो. सणाला टोळी आपापल्या घरी गेली, घरोघर महालक्ष्म्या बसतात, बायांना कोण अडवणार? पण कपाशीला सण कळत न्हाई. तिची फुलं रोज फुलायची ती फुलणारच. आन् सण झाल्यावर तुळजाबाई म्हणती, "आमच्यातल्या अर्ध्या जणींनी दुसऱ्या गावचा प्लॉट धरला." धरू द्या! त्यांच्यावाचून माझं काम थांबलं न्हाई. एकाही झाडाची टोपी चुकली न्हाई. बांधावरून बघा, लालच लाल. काम कोण करतं ते विचारू नका. हाय माणूस. द्वारकाच्या डोळ्याला जवळचं धूसर दिसतं, तिला मी हात लावू देत न्हाई.

येत्या आठवड्यात कंपनीचे साहेब तपासायला येणार. पास झाला की माझं नाव कंपनीच्या फळ्यावर लागंल. मंग तुम्ही आन् तुमची पुतणी जालन्यात तो फळा वाचायला जा.

अक्षर वाकडं आलं. अंगठा ठणकून राह्यला. विळा लागला.

तातेराव


४ ऑक्टोबर १९७५

रामकिसनदादा,

तुम्हाला माहीत होतं.

सगळं माहीत होतं आन् तुम्ही "एका चांगल्या कंपनीत" असं लिवून मला हातोहात गंडवलं. भाऊ म्हणायची सोय ठेवली न्हाई तुम्ही. उर्दू शिकून माणूस गोड बोलायला शिकतो म्हणत्यात. पाठीत सुरा घालायलाही शिकतो, हे मला आता कळलं.

परवा सकाळी कंपनीची जीप आली. पारावरची माणसं मागं मागं रानात आली, चेअरमन आले, तुळजाबाई आन् तिच्या उरलेल्या बाया आल्या. मी धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून बांधावर उभा. जीपमधून साहेब उतरले. साहेबांच्या मागं पांढरी साडी नेसलेली, काखेत फाईल घेतलेली पोरगी उतरली. मी म्हणालो, ही कोण बाई? तर ती माझ्या पाया पडली.

प्रभा!

साहेब म्हणाले, "तातेराव, तुमची मुलगी आमच्याकडे टायपिंगला आली होती. एक दिवस क्रॉसिंगच्या अहवालातली चूक तिनंच दाखवली. तुम्हाला हे काम येतं का विचारलं, तर म्हणाली, येतं. आता अर्धा दिवस मशीनवर, अर्धा दिवस प्लॉटवर. बायांना शिकवते, तपासते." सगळे ऐकून राह्यले. माझी छाती, खोटं सांगत न्हाई, फुगली. मी मनात म्हणालो, बरंच झालं की. घरचं माणूस तपासणार, आता काय काळजी!

साहेब बांधावरून फिरले. लाल टोप्या बघून खूश. "झकास! भरपूर क्रॉसिंग झालंय," म्हणाले. चेअरमननी माझ्या पाठीवर थाप मारली. साहेब जीपकडं वळले तेवढ्यात ही म्हणती, "थांबा साहेब."

आन् साडीचा पदर खोचून शिरली कपाशीत. तुळजाबाईच्या ओळीतल्या टोप्या काढून बघितल्या, माना डोलावल्या. मंग विहिरीकडच्या अंगाला गेली. त्या ओळी दिसू नयेत म्हून मी तिला दुसरीकडंच वळवून राह्यलो होतो. "प्रभे, उन्ह लागंल, चल चहा घे," मी म्हणालो. तिनं ऐकलं न्हाई. एक टोपी काढली. दुसरी काढली. आणखी काढल्या. बोटाला पिवळा केसर लागला. ते बोट तिनं साहेबांपुढं न्हाई, माझ्यापुढं धरलं.

"आबा, वर टोपी हाय, आत सगळा केसर तसाच हाय. हे कोणाचं काम?"

मी पटका सारखा करायला लागलो.

"तुळजामावशी, तुमचं का?"

"माय, आम्ही तर सणापासून ह्या अंगाला पायसुद्धा टाकला न्हाई."

"मंग कोणाचं? ज्याचं असंल त्यानं हात दाखवा. नख बघून सांगते."

मी हात मागं घेतला, दादा. माझ्या रानात, माझ्या पोरीपुढं, मी हात मागं घेतला. सगळ्यांनी बघितलं. सण झाल्यापासून रोज दुपारून मी एकटाच त्या ओळीत बसून राह्यलो होतो, बायांचं काम करताना कोणी बघू नये म्हून पटका सोडून डोक्यावरून घेत होतो. ह्या बोटांनी नांगर धरला, मोट धरली. कळी धरली की चिरडायची. चार चिरडल्या की पाचवी तशीच सोडून वर टोपी घालायचो. बाहेरून काय, लालच दिसतं. मला वाटलं, लाल दिसलं की झालं.

साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, तेवढ्या ओळी वगळून बाकी..." मॅडम! माझ्या शेंबड्या पोरीला! ती म्हणाली, "न्हाई साहेब. इथला केसर माश्या तिकडं नेतात. बी एकत्र वेचलं जाईल. हा प्लॉट बाद लिहा."

"प्रभे!" मी ओरडलो. "बापाचा प्लॉट हाय!"

तिचे डोळे भरून आले होते, दादा, मी आंधळा न्हाई. पण आवाज हलला न्हाई. म्हणाली, "आबा, हे बी पुढच्या साली कोणीतरी तुमच्यासारखाच माणूस संकरित म्हून घेऊन जाईल. त्याच्या रानात अर्धी झाडं भलतीच उगवतील. त्यानं कोणाच्या नावानं बोटं मोडायची?"

चेअरमन कधी निघून गेले कळलं न्हाई. बांध मोकळा झाला. कंपनीच्या फळ्यावर नाव न्हाई, आता गावाच्या तोंडावर हाय. दोन एकराची कपाशी साध्या कापसाच्या भावात जिनिंगला जाईल. ज्या पोरीच्या जिवावर प्लॉट घेतला, तिनंच बाद केला. तुम्हाला आनंद झाला असंल. व्हा आनंदी.

जीप निघायला वेळ होता. द्वारकानं तिला चुलीपुढं बसवून जेवू घातलं, उरलेलं पुरण काढून ठेवलं होतं ते दिलं. मायला सगळं ठाऊक होतं, नोकरी, जीप, सगळं! कडूबा तिला खबरा आणून देत होता आन् मी त्याला माझा माणूस समजत होतो. मी दारात बसलो होतो. आत गेलो न्हाई, भाकर खाल्ली न्हाई.

तिथून मला तिचे हात दिसले. भाकर मोडताना. तुम्ही म्हणाले, नखं काप. मी म्हणालो, राख. तिनं नऊ कापली होती, चांगली बुडापासून, आन् उजव्या अंगठ्याचं तेवढं राखलं होतं. कसं टाइप करती त्या अंगठ्यानं, विचारलं द्वारकानं. "मास्तर रोज ओरडायचे. मी अंगठा वरच ठेवायची. दोन शब्दांत जागा सोडायला डावा हाय की." तुमच्या घरात, तुमच्या नाकासमोर आठ महिने नख राखलं तिनं, आन् तुम्हाला दिसलं न्हाई. तुम्ही लई हुशार ना?

जाताना माझ्याजवळ आली. मी तोंड फिरवलं. तिनं माझा हात वढून घेतला, उलटा करून अंगठा बघितला. तो विळ्यानं कापला न्हाई, कळ्यांनी फाटला, नखाचा निम्मा तुकडा गेला हाय. तुम्हाला खोटं लिवलं होतं. तिनं बराच वेळ तो अंगठा धरून ठेवला.

"आबा, ह्या नखानं होत न्हाई. वाढवा. पुढच्या मृगात मी येते शिकवायला. पण तपासायलाही मीच येणार."

"माझ्या रानात पाय ठेवू नको," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली आन् जीपमध्ये बसली.

हे तुम्हाला लिवतो, कारण दुसरं कोणी भांडायला उरलं न्हाई. पत्राचं उत्तर देऊ नका. मी फाडून चुलीत टाकीन. तिला काही निरोप सांगू नका. मी रागात हाय, एवढंच ठाऊक असू द्या. हा राग जल्दी जाणारा न्हाई.

द्वारका काल नखं काढायला सुरी घेऊन बसली होती, माझा हात मागितला. नऊ बोटं दिली.

तातेराव